मोस्खुलाच्या लिंबोणीचा रांजण

मित्रांनो, आमोर्गोस बेटावर याकुमिस नावाच्या म्हाताऱ्याच्या दारात एक पांढराशुभ्र जुना रांजण उभा आहे. तो मी. उन्हाळ्यात बोटीने पाहुणे येतात, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि "किती सुंदर!" म्हणतात. माझ्या अंगावरचा हा पांढरा रंग मला किती झोंबतो, हे त्यांना कुठून कळणार?

माझा जन्म सिफ्नोस बेटावरचा. तिथल्या कुंभाराने मला घडवले, भाजले आणि गवतात गुंडाळून बोटीत चढवले. या घरात आल्यावर कित्येक वर्षे माझ्यात ऑलिव्हचे तेल होते. मग एकदा मला सरकवताना काठाचा टवका उडाला. फुटक्या भांड्यात कोण तेल ठेवणार? याकुमिसच्या आईने मला गोठ्यामागे टाकून दिले.

त्याच सुमारास मोस्खुला याकुमिसशी लग्न करून या घरात सून म्हणून आली. येताना तिने माहेराहून पत्र्याच्या डब्यात लिंबोणीचे रोप आणले होते. सासू म्हणाली, "इथे माणसांना प्यायला पाणी पुरत नाही आणि हिला लिंबं हवीत!" मोस्खुलाने तरीही रोप अंगणात लावले, गोठ्यामागे गेली आणि मला ढकलत ढकलत लिंबोणीजवळ घेऊन आली.

तेव्हापासून मी खताचा रांजण झालो. वसंतात ती हाताला फडके बांधून, अंगाला लागला की खाज सुटणारा रानपाला कापून आणी. बकरीच्या लेंड्या गोणपाटात बांधून त्या पाल्याबरोबर माझ्यात सोडी. वर पावसाच्या टाक्यातले पाणी आणि तोंडाला कापड. रोज एकदा काठीने ढवळी. हळूहळू माझ्यात फेस येई, बुडबुडे येत आणि सगळ्या गल्लीत वास सुटे.

शेजारीण आनेझो कुंपणावरून नाक दाबून ओरडे, "अगं मोस्खुला, आज नवऱ्याला उकळायला ठेवलंयस की काय?"

"त्याला उकळून झाडाला काय मिळणार गं? पानं खुडायचासुद्धा त्याला आळस!" मोस्खुला हसून म्हणे.

पण लिंबे लागली की हीच आनेझो मासळीच्या रश्श्यासाठी सगळ्यांच्या आधी टोपली घेऊन हजर होई. जाताना माझ्या पोटावर थाप मारून म्हणे, "जिवंत राहा रे बाबा, घाणेरड्या!" तेव्हा मला फार बरे वाटे.

मोस्खुला ते पाणी कधीही तसेच ओतत नसे. एक डाव माझ्यातले आणि बादलीभर साधे पाणी, इतके पातळ. तेही ऊन उतरल्यावर. आधी आळे साध्या पाण्याने ओले करायचे, मग खताचे पाणी द्यायचे आणि वर वाळलेले गवत पसरायचे. आमच्याकडे जुलैत दगडाला हात लावला तर भाजतो. तापलेल्या, कोरड्या मातीत कडक खत गेले, तर मुळे होरपळतात. याकुमिस पायरीवर बसून हे सगळे पाही. बघत होता, पण शिकत नव्हता.

तिचा एकच नियम होता. "माझ्या रांजणात दुसरं काही घालायचं नाही. कळलं का रे?"

"कळलं, कळलं. राजवाड्यातला रांजण आहे तुझा," तो म्हणे.

काही वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात मोस्खुला आजारी पडली. खिडकीतून तिला लिंबोणी दिसत असे. एक दिवस ती याकुमिसला म्हणाली, "मी नसले तरी झाड जगव. पोथितीच्या मुलांना माझ्या हातची लिंबं खाऊ देत." पोथिती त्यांची मुलगी, ती अथेन्सला असते. याकुमिसने तिचा हात धरून शब्द दिला. मी ते ऐकले. काही दिवसांनी ती गेली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिच्या नावाने उकडलेले गोड गहू देवळात वाटले, ते त्याने याच अंगणात निवडले होते.

मग ईस्टर जवळ आला. आमच्या बेटावर ईस्टरपूर्वी प्रत्येक घर चुन्याने रंगवतात. भिंती, पायऱ्या, कुंड्या, झाडांचे बुंधे, सगळे पांढरे होते. घरात दुखवटा असला तरी अंगण काळे दिसू नये, असे याकुमिसला वाटले. त्याने चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, आणली. ती पाण्यात विरवायला भांडे शोधू लागला. पत्र्याची बादली त्याच्या पायाशीच होती. पण ती लहान होती, आणि मी रिकामा होतो.

त्याने चुनकळी माझ्यात टाकली आणि पाणी ओतले. मित्रांनो, चुनकळी पाण्यात पडली की उकळते. माझे पोट आतून भाजून निघाले. तिने इतकी वर्षे जपलेले माझे शरीर त्याने एका सकाळी चुन्याने भरून टाकले. रंगकाम झाल्यावर त्याने मला दोन तांबे पाण्याने खंगाळले. पण मी मातीचा आहे. माझ्या अंगात मुरलेला आणि बुडाशी बसलेला चुना असा निघतो का?

नंतर त्याला लिंबोणीची आठवण झाली. त्याने रानपाला आणला, लेंड्या आणल्या. हाताला फडके न बांधल्यामुळे त्याचे हात सुजले. खरोखर मनापासून केले त्याने. पण माझ्यात फेस आलाच नाही. नेहमीच्या वासाऐवजी डोळ्यांत पाणी आणणारा झणझणीत वास सुटला.

"वा! यंदा चांगलं कडक झालंय," तो म्हणाला.

त्याने ते पाणी झाडाला घातले. थोड्या दिवसांत लिंबोणीची कोवळी पाने पिवळी पडली, फक्त शिरा हिरव्या राहिल्या. झाड उपाशी आहे असे समजून त्याने आणखी घातले. पिवळेपणा वाढला, तसे त्याने पाणी मिसळणेही सोडले. भर दुपारी डावामागून डाव ओतू लागला. मी आतून ओरडत होतो, पण माझे कोण ऐकणार? वाऱ्याने पाने गळाली. अंगठ्याएवढी लिंबे गळाली. ऑगस्टमध्ये नुसत्या काटक्या उरल्या.

त्या दिवशी याकुमिस माझ्यासमोर उभा राहिला. "तिच्यासाठी गोड आणि माझ्यासाठी विष, काय रे?" असे म्हणून त्याने मला लाथ मारली. मी आडवा झालो, गडगडत भिंतीला आपटलो. माझा धरायचा एक कान तुटला.

आवाज ऐकून आनेझो आली. तिने मला उभे करायला हात घातला आणि आत पाहिले. बोटाने बुड खरवडले. बोट पांढरे झाले.

"याकुमिस, यात चुना विरवलास तू?"

त्याने पायाशी पडलेल्या पत्र्याच्या बादलीकडे पाहिले.

"अरे, चुन्याने लिंबोणी उपाशी मरते... देवा रे! ती असती तर ढवळायची काठी तुझ्या पाठीत मोडली असती."

"ती असती तर मला यात चुना विरवू दिला असता का!" तो म्हणाला आणि पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. आनेझो त्याच्याजवळ बसली. मला वाटले, आता माझ्यावरचा ठपका गेला.

सप्टेंबरमध्ये पोथिती मुलांना घेऊन आली. काटक्या पाहून तिने तोंडाला हात लावला. "बाबा, आईची लिंबोणी?"

याकुमिसने माझ्याकडे पाहिले. मग जमिनीकडे पाहिले. "रांजण जुना झाला गं. आतून बिघडला. त्यातलं खत झाडाला बाधलं."

आनेझो तिथेच होती. तिला त्याची दया आली असावी, तिने ओठ मिटून घेतले. लाथेने माझा कान तुटला होता, तेव्हा मला एवढे लागले नव्हते. तेव्हा दोष कुणाचा ते त्याला माहीत नव्हते. आता माहीत होते.

पोथितीचा जीव आईच्या वस्तूंत गुंतलेला. ती म्हणाली, "टाकू नका हं याला. आईची आठवण आहे. छान पांढरा करून दारात ठेवू." याकुमिस उठला, चुनकळी घेऊन आला. त्याने ती पत्र्याच्या लहान बादलीत विरवली. पुन्हा पुन्हा थोडी थोडी, पण बादलीतच. मग मला बाहेरून रंगवले. सबंध वेळ त्याने माझ्या तोंडात डोकावून पाहिले नाही.

मित्रांनो, झाडाच्या भांड्यात झाडाचेच घाला. उन्हाळ्यात खत पातळ करून, संध्याकाळी, ओल्या मातीला द्या. आणि एखादे झाड सुकले, तर भांड्याला लाथ मारण्याआधी आपण त्यात काय घातले होते ते आठवा. आठवले, तर ज्याला दोष दिला त्याच्यासमोर एकदा तरी "चूक माझी होती" म्हणा. एवढे म्हणायला फार काही लागत नाही.

याकुमिस रोज माझ्या शेजारून आत-बाहेर करतो. त्या एका वाक्याची वाट पाहत मी दारातच उभा आहे.