वेलीखालची आत्या

ऐक ना, मधे बोलू नकोस, आधी सगळं ऐक. ती पेंटरीण माहितीये ना तुला? बापाच्या हाताखाली पाट्या रंगवायला शिकली, दुकानांच्या, शाळांच्या, डॉक्टरांच्या? हां, तीच. आता तिला सगळे वेडी म्हणतायत. का, ते मी सांगते, मग तूच ठरव.

तर झालं असं की आमदाराच्या कचेरीतून तिला बोलावणं आलं. नवीन सभागृह बांधलंय आणि जुन्या सभागृहातला तो मोठा हिरवा लाकडी फळा तिथे न्यायचाय, ज्यावर या मतदारसंघाच्या पहिल्यापासूनच्या सगळ्या आमदारांची नावं आहेत. छापील बोर्ड नको, तोच फळा हवा, कारण त्यावर आमदारसाहेबांच्या आजोबांचं नाव आहे, वडिलांचं आहे आणि खाली त्यांचं स्वतःचं. तीन पिढ्या एका फळ्यावर! घासून पुसून नव्याने लिहायचा, सोमवारी अकराला पडदा सारायचा. हेडक्लार्कने तिला टाइप केलेली यादी दिली. अकरा नावं.

हा फळा मुळात तिच्या बाबांनीच रंगवलेला. त्यामुळे ती खूश. बाबांचा हात आता थरथरतो, तर त्यांची अक्षरं आपण गिरवायची, म्हणून पॉलिशपेपर घेऊन ती नव्या सभागृहात फळा घासायला बसली. चौथं आणि पाचवं नाव यांच्यामध्ये एक सोनेरी वेल होती, पानाफुलांची. लहानपणी ती बाबांना विचारायची, एवढ्याच ठिकाणी वेल का? बाबा म्हणायचे, शोभेला. आता वेल घासली, खालचा हिरवा निघाला, त्याच्या खाली अजून एक हिरवा, आणि त्याच्या खाली बोटाला उंचवटे लागायला लागले. अक्षरं! तिने ओला फडका फिरवला. वाचलं. परत वाचलं.

तिच्या आत्याचं नाव.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. यांच्याच घरात राहते. नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही, जीभ तिखट, अर्ध्या गावाला इंजेक्शनं टोचलेली. आत्या एकदा निवडणुकीला उभी होती एवढं पेंटरिणीला माहीत होतं. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही, म्हणून तिला वाटायचं, पडली असेल. पण आत्या पडली नव्हती गं! चौथा आमदार मुदत संपायच्या आत वारला, पोटनिवडणूक लागली आणि ही नर्सबाई दोनशे बारा मतांनी निवडून आली. समोर कोण होतं? आत्ताच्या आमदाराचे आजोबा. आत्याला मतं दिली रुळांपलीकडच्या वस्तीने, जिथे ती घरोघरी बाळंतपणं करत फिरली होती. चौदा महिने आमदार होती. तेवढ्यात वस्तीत नळ आणला, दवाखान्याला रात्रीचा डॉक्टर आणला. आणि मग मतदारसंघांची पुनर्रचना झाली. कुणीतरी नकाशावर पट्टी ठेवली आणि रूळ म्हणजे हद्द ठरवली. पलीकडची अख्खी वस्ती शेजारच्या मतदारसंघात! आत्या अलीकडे, तिची मतं पलीकडे. पुढच्या निवडणुकीत आजोबा आरामात आले, आयत्या बिळावर नागोबा.

पेंटरीण तशीच धुळीच्या हातांनी हेडक्लार्कसमोर उभी राहिली. "यादीत एक नाव कमी आहे."

त्याने चष्मा वर केला. "यादी वरून आलीय, बाई."

"वरून म्हणजे कुठून? देवाकडून?"

"त्या पोटनिवडणुकीतल्या ना? त्यांची मतं रुळांपलीकडची. तो भाग गेला शेजारी, तर त्यांची नोंदही गेली शेजारी. तिकडे विचारा."

गेली ती तिकडे. शेजारच्या कचेरीतला बाबू बिस्किट खात होता. म्हणाला, "अहो, आमचा मतदारसंघच त्या पुनर्रचनेत जन्मला. आमच्या जन्माआधीचा आमदार आमचा कसा?"

"मग कुणाचा?"

"ते आता तुम्ही बघा!" आणि हसला, तोंडात बिस्किट तसंच.

म्हणजे बघ, निवडून आलेली बाई, हजारो माणसांनी रांगेत उभं राहून निवडलेली, आणि ती घरची ना घाटची! तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. घरी आली ती पिशवी आपटतच. आत्या स्वयंपाकघरात पीठ मळत होती, बाबा खुर्चीत पेपर घेऊन.

"बाबा, फळ्यावर ती वेल कुणी काढली?"

बाबांचा पेपर खाली आला. त्यांनी त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मीच."

"नाव कुणी झाकलं?"

"मीच. आधी लिहिलंही मीच. काय सुरेख आलं होतं! नंतर हे लोक निवडून आले आणि म्हणाले, ते नाव झाकलंस तर शाळांच्या सगळ्या पाट्या तुझ्या, नाहीतर तुला गावात ब्रश धरू देणार नाही. तेवीस वर्षांचा होतो मी. दुसरं काय येत होतं मला?"

"सख्ख्या बहिणीचं नाव, बाबा!"

"म्हणून तर वेल काढली," बाबा पुटपुटले. "जागा तरी सोडली."

"वेल काढली! थडग्यावर फुलं वाहिलीत तुम्ही!"

आणि आत्या आतून, पीठ मळता मळता, काय म्हणाली असेल? "ओरडू नकोस त्याच्यावर. मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेव्हापासून रोज दोन वेळा तो माझ्या हातचं जेवतो, मान खाली घालून. अजून किती शिक्षा द्यायची?"

"पण तुला राग नाही आला, आत्या?"

आत्याने पिठाचा गोळा परातीत असा आदळला की बाबा दचकले. "राग? अगं, ती वस्ती पलीकडे टाकली ना, त्या दिवशी मी पट्टी घेऊन रुळांवर जाऊन उभी राहिले होते. म्हटलं दाखवा, कुठे आहे तुमची रेघ! लोकांना वाटलं बाईचं डोकं फिरलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाले मी. मेल्यावर नाव लिहाल तर मला वाचता येणार आहे का?"

झालं. पेंटरिणीने ठरवलं. शनिवारी तिने दोरीला खडू लावून फळ्यावर बारा रेघा मारल्या, अकरा नाही, बारा, आणि रविवार दुपारपर्यंत बारा नावं लिहिली, एका मापाची, पाचवं आत्याचं. संध्याकाळी हेडक्लार्क बघायला आला. एकेक नाव बोटाने मोजत खाली आला, परत वर गेला आणि पांढराफटक पडला.

"हे झाका."

"नाही झाकणार."

"उद्या दहाच्या आत झाका, तिथे परत वेलबिल काहीतरी काढा. नाहीतर या गावात एक पाटी मिळणार नाही तुला. तुझ्या वडिलांना विचार, त्यांना समज होती."

समज! हा शब्द तिला असा झोंबला की घरी येऊन ती जेवलीच नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, आणि हळूच म्हणाले, "तू नको झाकूस. मी झाकतो. माझा हात सरावलेला आहे."

तिने पांघरूण ओढलं. भिंतीकडे तोंड करून पडली.

सकाळी उठते तो बाबा नाहीत. रंगाचे दोन डबे नाहीत, मोठा ब्रश नाही. ती चपला न घालता धावत सुटली! सभागृहात पोचली तर फळ्यावर पडदा सोडलेला, बाबा कोपऱ्यात स्टुलावर बसलेले, हातांना हिरवा रंग. "बाबा, परत? परत तेच?" बाबा बोटं फडक्याला पुसायला लागले. तेवढ्यात हेडक्लार्क आला, बाबांचे हात बघून खूश झाला, "वा, जुनं माणूस ते जुनं माणूस!" आणि लगेच गर्दी आत यायला लागली, तिला पडद्याजवळ कुणी जाऊच दिलं नाही.

अकरा वाजले. आमदारसाहेब आले, आजोबांवर बोलले, वडिलांवर बोलले, स्वतःवर तर बोललेच. रुळांपलीकडची माणसंही आली होती, मतं तिकडे गेली तरी दाखले अजून त्यांना इकडच्याच कचेरीत मिळतात. आत्या दुसऱ्या रांगेत काठी टेकून. साहेबांनी दोरी ओढली.

फळा कोरा!

एक अक्षर नाही. आजोबा नाहीत, वडील नाहीत, आत्या नाही. वरपासून खालपर्यंत नुसता हिरवा. बाबांनी बाराच्या बारा नावं झाकली होती! मागून कुणीतरी फिसकन हसलं.

पण साहेब म्हणजे तयार गडी. हात पसरून म्हणाले, "आपल्या कलाकार ताई आपल्यासमोर हा इतिहास लिहिणार आहेत!" टाळ्या. हेडक्लार्कने दात खात तिच्या हातात अकरा नावांची यादी कोंबली. ती पायऱ्यांच्या घोड्यावर चढली. बोटाने रंग तपासला, वर कोरडा, एकदम कोरडा, लवकर वाळणाऱ्या रंगाचा पातळ हात. खाली चाचपला तर चिकट. बाबांनी पाचव्या ओळीच्या खाली संथ वाळणारा ऑइलपेंट लावला होता, जाडजूड, दोन दिवस वाळणार नाही असा! तिने वळून स्टुलाकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते.

लिहिली तिने. पहिलं नाव, दुसरं, तिसरं, चौथं. पाऊण तास गेला, लोक माना वर करून बसलेले. मग पाचव्या ओळीवर आत्याचं पहिलं अक्षर. हेडक्लार्क खालून फुसफुसला, "ए! यादी बघ!" रुळांपलीकडची एक म्हातारी ओरडली, "लिहू दे की रे! आमची नर्सबाई आहे ती!" मग कोण बोलतोय? साहेब हसत उभे, ओठ हसतायत, डोळे नाहीत.

पाचवं नाव पुरं करून ती उतरली.

"उरलेली?" साहेब.

"खाली रंग ओला आहे, साहेब. ओल्यावर लिहिलं तर नावं ओघळतात."

साहेबांच्या आजोबांची जागा ओली! आत्या एवढी हसली की काठी पडली तिची.

तिसऱ्या दिवशी पत्र आलं. फळा पूर्ण करावा, सदर बाईंचं नाव तळाशी 'अल्पकालीन' म्हणून बारीक अक्षरात घ्यावं, मग गावातल्या सगळ्या शाळांचं काम पाच वर्षं तिचं. बाबांनी वाचून पत्र तिच्याकडे सरकवलं. आत्या म्हणाली, "नाव माझं, पण हात तुझा. तू बघ." पेंटरिणीने त्याच पत्राच्या पाठीवर ब्रशने लिहिलं, "सगळी एकाच मापाची, आपापल्या ओळीत. नाहीतर आहे तसा राहू द्या," आणि स्वतः जाऊन हेडक्लार्कच्या टेबलावर ठेवलं.

फळा अजून तसाच आहे. पाच नावं, खाली हिरवं. बाहेरगावचे दोन पेंटर बोलावले होते, पण खालचे ते ऑइलपेंटचे ओघळ बघून ते म्हणाले, आधी सगळा घासावा लागेल, आणि पाचवं नाव घासायला वस्तीतले लोक कुणाला देत नाहीत. दाखल्यासाठी सभागृहात रांगेत उभी माणसं वेळ जात नाही म्हणून ते वाचतात, मोठ्याने. आणि हिला गावात पाटी मिळत नाही, एकही नाही. रोज सकाळी बसने दुसऱ्या गावी जाते, ब्रश पिशवीत घेऊन. लोक म्हणतात, बारीक अक्षरात का होईना, नाव येत होतं ना, पाच वर्षांचं काम येत होतं ना, वेडीच आहे!

मला तर त्या लोकांचाच राग येतोय. पण तू सांग, खरं खरं सांग. ब्रश तुझ्या हातात असता तर तू काय केलं असतंस?