काचेसारखं पाणी

माझा नवरा कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना आत्मविश्वास शिकवतो. वय बावन्न, पण बहिणीपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे त्याला अजून ‘बाळ’ म्हणतात, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मी पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं पाणी तपासते. मी सही केलेलं पाणी अख्खं शहर डोळे मिटून पितं. घरात मात्र पाण्याबद्दल माझं मत कोणी विचारत नाही. पिकतं तिथे विकत नाही, तसंच हे.

गरम पाण्याचा टब घरी आला तो सासूबाईंच्या गुडघ्यासाठी. निदान अधिकृत कारण तरी हेच होतं. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले होते आणि डॉक्टरांनी त्यांना कोमट पाण्यात पाय हलवायला सांगितलं होतं. त्यासाठी सहा माणसं मावतील, चारी बाजूंनी फवारे सुटतील आणि जांभळे दिवे लागतील असा टब लागतो, याची डॉक्टरांना बिचाऱ्यांना कल्पना नसावी.

टब बसवायला आलेला मेकॅनिक शहाणा माणूस होता. मागच्या अंगणात उभं राहून त्याने तासभर समजावलं. “साहेब, पाणी थोडं, माणसं जास्त आणि वर गरम. अशा पाण्यात क्लोरीन टिकत नाही. बसायच्या आधी दर वेळी ही पट्टी बुडवायची आणि चौकोनांचे रंग डब्यावरच्या रंगांशी जुळवायचे. आधी अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातली क्षारता, नीट करायची, मग पीएच, मग क्लोरीन, ते तीन ते पाचच्या मधे हवं. हा क्रम सोडायचा नाही.”

बाळ मान डोलावत होता आणि टबाचे फोटो काढत होता.

“मी बघत जाईन पाण्याचं,” मी म्हटलं.

“छे छे! तू दिवसभर तेच करतेस. घरी तरी विश्रांती घे.” किती ती काळजी! खरं म्हणजे त्याला घरात एक तरी खातं स्वतःच्या ताब्यात हवं होतं.

पुढच्या तीन आठवड्यांत त्या पाण्याने जे सोसलं ते कुठल्याही सुनेने सोसलं नसेल. पीएच खाली गेला की बाळ तो वर नेणारी पावडर ओतायचा. तो फार वर गेला की खाली आणणारी. संध्याकाळपर्यंत पाणी तीनदा आंबट आणि तीनदा तुरट होऊन जायचं. “अल्कलिनिटी आधी सावर, मग पीएच असा झोके घेणार नाही,” मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “तुझं ते शहराचं पाणी. टबचं शास्त्र वेगळं असतं. मी सतरा व्हिडिओ बघितलेत.”

सतरा व्हिडिओंपुढे एकोणीस वर्षांचं काय चालणार? मी त्या टबाकडे बघणंच सोडलं. सासूबाई रोज सकाळी दहा मिनिटं त्यात पाय हलवून यायच्या. त्यांना बरं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचंही मला जरा वाईटच वाटत होतं.

मग एका मंगळवारी पाण्याला वास यायला लागला. पोहण्याच्या तलावाला येतो तसा, नाकात चढणारा. बाळने अंगणातूनच निदान केलं, “औषध जास्त झालंय.” आणि क्लोरीन टाकणं बंद केलं. वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. क्लोरीन पुरेसं पडलं नाही, की ते घामात आणि अंगाच्या क्रीममध्ये अडकून पडतं आणि तेव्हाच असा वास मारतं. ते वाढवायला हवं होतं. मी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगितलं. त्याने अंगठा वर करून दाखवला आणि पाण्यात लव्हेंडरचं तेल टाकलं.

शनिवारी त्याची मोठी बहीण आणि तिचा नवरा राहायला आले. नणंदेला मी ताईच म्हणते. तिचा नवरा दातांचा डॉक्टर आहे आणि दात सोडून सगळ्या विषयांवर बोलतो. रविवारी सकाळी सगळे आंघोळीचे कपडे घालून अंगणात जमले. पाणी दिसायला इतकं स्वच्छ होतं की तळाचा एकेक स्क्रू मोजता आला असता. माझा हात मात्र सवयीने पट्टीच्या डब्याकडे गेला. पट्टी बुडवली, पंधरा सेकंद थांबले. क्लोरीनचा चौकोन दुधासारखा पांढरा.

“आज कोणी उतरू नका,” मी म्हटलं. “पाण्यात क्लोरीन शून्य आहे.”

“अगं, काचेसारखं पाणी आहे!” ताई म्हणाली.

“हिला ऑफिस घरी आणायची सवयच आहे,” बाळ म्हणाला. सगळे हसले. दातांचे डॉक्टर सगळ्यात जोरात हसले, त्यांचे स्वतःचे दात चांगले आहेत.

इथे मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. वीज बंद करून झाकण लावायचं, आणि निदान सासूबाईंचा हात धरून त्यांना आत न्यायचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही होतं. मी नॅपकिन खांद्यावर टाकला, “करा मग मजा,” म्हटलं आणि आत निघून गेले. रागाच्या भरात कांदा इतका बारीक चिरला की त्याचा लगदा झाला. बाहेर पाऊण तास खिदळणं चाललं होतं.

ताई त्या संध्याकाळी परत गेली. मंगळवारी सकाळी तिचा फोन. “बाळला विचार, त्याच्या अंगावर काही उठलंय का?”

बाळच्या अंगावर भरपूर काही उठलं होतं. पोटावर, मांड्यांवर, जिथे जिथे ओला कपडा चिकटून बसला होता तिथे तिथे लाल, खाजणाऱ्या पुळ्या. त्याच दिवशी त्याचं चाळीस मॅनेजरांपुढे ‘देहबोलीतून नेतृत्व’ या विषयावर व्याख्यान होतं. ते कसं झालं हे मी विचारलं नाही. तो खांबाला कंबर घासत बोलला, हे मला त्याच्या ड्रायव्हरकडून कळलं.

मला मनापासून हसू येत होतं. पण मग सासूबाई भिंतीला धरून खोलीतून बाहेर आल्या. “जरा बघतेस का गं,” त्या म्हणाल्या आणि साडी गुडघ्यापर्यंत वर केली. शस्त्रक्रियेच्या व्रणाशेजारी लिंबाएवढी लाल सूज होती. हात लावला तर गरम लागली.

त्वचेच्या डॉक्टरीण बाईंनी दोघांना एकत्रच तपासलं. “गरम पाण्याच्या टबात बसला होतात?”

“हो, पण पाणी अगदी काचेसारखं होतं,” बाळ म्हणाला.

“जंतूंना पारदर्शक पाण्याचं वावडं नसतं,” बाई म्हणाल्या. “तुमच्या पुळ्या आठवड्यात आपोआप जातील. आजींची सूज मात्र शस्त्रक्रियेच्या व्रणाजवळ आहे, त्यांना गोळ्या घ्याव्या लागतील आणि दोन दिवसांनी पुन्हा दाखवावं लागेल. घरात पाण्यातलं कळणारं कोणी नाही का?”

बाळ जमिनीकडे बघत होता, आणि मीही.

परतताना गाडीत मीच बोलले. “आई, मला माहीत होतं. मी तुम्हाला तरी अडवायला हवं होतं.”

“तू सांगितलं होतंस,” सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “पण रुसून सांगितलंस. आणि याने हसून उडवलं. तुमच्या दोघांच्या मानापमानात गुडघा माझा गेला.”

दुसऱ्या दिवशी मी टबातल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत नेला. आमच्या सहायिकेने विचारलं, “कुठलं पाणी म्हणून लिहू?” मी म्हटलं, “लिही, घरगुती.” अहवालात जंतूंच्या संख्येपुढे ‘मोजण्यापलीकडे’ असं आलं. तो कागद मी फ्रिजवर वगैरे लावला नाही. टेबलावर बाळच्या चहाशेजारी ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि पँट दुमडून अंगणात गेला.

शनिवारभर आम्ही दोघं तो टब धूत होतो. नळ्या साफ करायचं औषध टाकून फवारे चालू केले तेव्हा आतून काळपट, बुळबुळीत पापुद्रे वर आले. काचेसारख्या पाण्याचं हे माहेर. बाळला ओकारी आली, पण तो पळाला नाही. फिल्टरच्या घड्या ब्रशने घासता घासता एकदम म्हणाला, “चारचौघांत तू बरोबर असतेस ना, तेव्हा मला फार त्रास होतो.”

“आणि एकांतात?”

“तेव्हाही होतो. पण कमी.”

“मग मी एकांतात सांगत जाईन. पण तू ऐकायचंस.”

“ऐकेन,” तो म्हणाला आणि मांडी खाजवली.

पाणी उपसलं, टब पुसला, नवं पाणी भरलं. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग क्लोरीन. पावडर त्याने टाकली, एकेक करून, मधे थांबून. पट्टी मी धरली. सगळे चौकोन जिथे हवेत तिथे आले तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू दहावीचा निकाल लागलाय.

सासूबाईंची सूज दहा दिवसांत उतरली. पण टबात उतरायला त्या तयार होईनात. आम्ही दोघांनी आळीपाळीने शपथा घेतल्यावर त्यांनी पट्टीचा डबा मागून घेतला. “तुमच्यावर माझा विश्वास नाही, एकावरही नाही. रंग मला दिसतात, डोळ्यांची शस्त्रक्रिया चांगली झाली आहे.”

आता तो डबा त्यांच्या उशाशी असतो. रोज सकाळी त्या पट्टी बुडवतात, पंधरापर्यंत मोठ्याने मोजतात आणि आकडे वहीत लिहितात. काही कमी-जास्त असेल तर मला हाक मारतात, आणि पावडर टाकायला बाळला. गेल्या रविवारी ताई आली, तिला त्यांनी अंगाला क्रीम लावलेलं आहे म्हणून परत आंघोळीला पाठवलं. जावयाचे पोहायचे कपडे साबणाच्या वासाचे निघाले, ते त्यांनी दोनदा साध्या पाण्यात खळबळून आणायला लावले. दातांचे डॉक्टर कुरकुरत म्हणाले, “आई, एवढं काय त्यात?”

“तुमच्या दवाखान्यात मी चपला घालून खुर्चीत बसते का?” सासूबाई म्हणाल्या.

सगळे पाण्यात उतरल्यावर त्यांनी मला बोलावलं. मी आजवर त्या टबात कधी बसलेच नव्हते. शेजारी जागा करून देत त्या म्हणाल्या, “ये. क्लोरीन चार आहे.”