कोऱ्या वहीचा घोर

मिस्त्रींचे पंपांचे तीन कारखाने झाले, तरी त्यांना शेठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. पत्र्याच्या शेडमध्ये लेथवर उभं राहून त्यांनी पहिला पंप घडवला आणि ते मिस्त्रीच राहिले. कौतुकाचं पत्र आलं की ते न वाचताच टोपलीत जाई. परत आलेला पंप मात्र थेट त्यांच्या टेबलावर चढे. तो त्यांनी स्वतः उघडेपर्यंत तिथून हलत नसे, मग भलेभले पाहुणे त्याच्या आडून वाकून चहा पीत.

हे पंप नोंदवून घेणारी ती तक्रारबाई. सव्वीस वर्षं तिनं तक्रारवही सांभाळली. वहीत दोन रकाने होते, तक्रार काय आणि चूक कुणाची. एक ओळही कधी दडवली नाही, याचा तिला भारी तोरा होता.

सत्तरी ओलांडल्यावर मिस्त्रींनी कारखाने लेकीच्या हवाली केले आणि कमावलेलं सगळं एका केंद्रात ओतलं. तिथं पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय फुकट मिळत. गुडघ्याचा सांधा मिस्त्रींनी स्वतः घडवला होता. तक्रारबाई वहीसकट तिकडे आली. दोन वर्षांत चारशे पाय वाटून झाले. लोक हात जोडत, डोळे पुसत, आशीर्वाद देत. वही कोरीच राहिली. येत्या रविवारी आणखी पाचशे पाय वाटायचा समारंभ ठरला होता, मांडव पडला होता.

"बाई," मिस्त्री वही चाळत म्हणाले, "चारशे पाय आणि एकही तक्रार नाही? इतका शहाणा मी कधी झालो? माझं काहीतरी चुकतंय, आणि ते मला कुणी सांगत नाहीये."

बाईला एक ओळ आठवली, न लिहिलेली. तीन महिन्यांपूर्वी इथूनच पाय नेलेली एक शिंपीण येऊन दारातच घुटमळली होती. गुडघा चावतो म्हणाली, आणि लगेच जीभ चावून, "जाऊ द्या, एवढं दिलंत तेच खूप." मिस्त्री तेव्हा हृदयाच्या दुखण्यातून नुकतेच उठले होते. कशाला त्यांच्या जिवाला घोर, असं म्हणून बाईनं तिला हसून वाटेला लावलं होतं, "धर्माची गाय आणि दात का नाही, असं म्हणू नये हो." वही उघडलीसुद्धा नव्हती.

आता गप्प बसावं, तर रविवारी तोच गुडघा आणखी पाचशे जणांना चावणार. बाईनं सगळं सांगून टाकलं. सव्वीस वर्षांचा विश्वास एका दमात धुऊन गेला, असं वाटून तिला रडू फुटलं. मिस्त्रींनी फक्त हातोडी-पाने असलेली पिशवी उचलली. "चला. घर दाखवा."

शिंपिणीच्या खोलीत तो पाय कोपऱ्यात उभा होता. त्यावर अर्धवट शिवलेला कोट टांगलेला. दोघांना बघताच ती कोट ओढून काढायला लंगडत धावली.

"राहू द्या ताई," मिस्त्री म्हणाले. "लावा बघू, आणि मशीनवर बसा."

ती बसली आणि ओठ आवळले. दुमडलेल्या सांध्यात मांडीची कातडी चिमटली होती. तिथं जुना काळानिळा वण होता. मिस्त्रींनी खाली जमिनीवर बसून सांध्याच्या फटीवर बोट फिरवलं.

"मी लेथवर जन्म काढला, उभ्यानं," ते म्हणाले. "हा सांधा उभा राहून तपासला, चालवून तपासला. बसून पोट भरणारी माणसंही असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"फुकटच्या वस्तूला नावं कशी ठेवायची, साहेब?"

"गाय धर्माची असली तरी दात हवेतच. पंपवाला पैसे मोजायचा, म्हणून भांडायचा. तुम्ही भांडत नाही, म्हणून मला दुप्पट जपायला हवं होतं."

बाईला त्या क्षणी या माणसाचा जितका अभिमान वाटला, तितकी स्वतःची लाज वाटली.

रविवारी मांडव भरला, पण पाय वाटले गेले नाहीत. पाहुण्यांच्या खुर्च्या हटवून व्यासपीठावर एक टेबल मांडलं होतं. जुने चारशेही बोलावले होते. "ज्याचा पाय चावतो, त्यानं यावं," मिस्त्रींनी सांगितलं. कुणी जागचं हललं नाही. उपकारकर्त्याच्या तोंडावर कोण बोलणार? मग शिंपीण उठली, पाय काखेत मारून कुबडीवर चढत आली आणि तो टेबलावर ठेवून म्हणाली, "चावतो."

मिस्त्रींचा चेहरा असा फुलला, की पहिला पंप विकला गेला तेव्हाही फुलला नसेल. "बाई, लिहा. तारीख तीन महिन्यांपूर्वीची."

बाईनं लिहिलं. दुसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं. मिस्त्रींनी तिच्या हातातून लेखणी घेतली, तिच्या नावाच्या वर आपलं नाव लिहिलं आणि लेखणी परत दिली.

मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज येऊ लागले. एक उठला, मग चार, मग रांगच लागली. मिस्त्रींनी स्टूल पुढे सरकवलं.

"या, पुढचे कोण? आधी बसा."