धुऊन न निघणारं

“काका, बोट आणा इकडे!”

विज्ञानाच्या सरांनी एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा धरून हुकूम सोडला, आणि नववीच्या सेहेचाळीस माना एकदम मोरीकडे वळल्या. तिथे नळीकाका परीक्षानळ्या धूत उभे होते. हातातली नळी त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली, स्टँडवर उलटी घातली, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

“माझं राहू द्या, सर.”

“अहो, मुलांची भीती मोडायचीय. तुमच्यापासून सुरुवात करू. मुंगी चावल्यासारखं वाटेल, बस.”

“मुंगी असती तर दिलं असतं.”

वर्ग खिदळला. सरही हसले. नळीकाकांना विनोद करताना कुणी ऐकलं नव्हतं, त्यामुळे हा विनोद आहे असंच सगळ्यांनी धरलं.

बेत मोठ्या बाईंचा होता. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. पुढच्या महिन्यात वरचे लोक पाहणीला येणार होते, तेव्हा प्रत्येक मुलाच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर रक्तगट छापलेला असावा असं त्यांच्या मनाने घेतलं. रक्तगट तपासायच्या बाटल्या आल्या. काचपट्ट्या शाळेत होत्याच. बोटाला टोचायच्या सुयांचं एक पाकीट आलं, त्यात सुया दहा. शाळेत वर्गही दहाच. दर वर्गाला एक सुई. इतका नीट भाग जाणारं गणित शाळेत क्वचितच सापडतं, म्हणून सगळे खूश होते. एक पोर झालं की सुई स्पिरिटने पुसायची आणि पुढच्या पोराला टोचायची. आज पहिला मान नववीचा.

तशी ही शाळाच धुऊन-पुसून चालणारी, आणि त्यातला मुख्य गुन्हेगार खुद्द नळीकाका. प्रयोगशाळेचे परिचर म्हणून त्यांना एकतीस वर्षं झाली होती. नवी परीक्षानळी मागायला येणाऱ्या मास्तराकडे ते असं बघत, की जणू त्याने पोटचं पोर दत्तक मागितलंय. ड्रॉपर तुंबला तर तारेने मोकळा करत. गाळणकागद वाळवून दुसऱ्यांदा वापरत. “धुतलं की झालं,” हे त्यांचं वाक्य. ते म्हणता म्हणता शाळेचं झालं, आणि फळ्यावर लिहिलं नव्हतं एवढंच. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीतला चहाही तेच करत. लोक त्यांना ओळखत ते नळ्यांमुळे, पण मानत चहामुळे.

“काका घाबरले!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

“घाबरले तर घाबरले,” सर म्हणाले. सर तरुण होते, हुशार होते, आणि आपण लोकप्रिय आहोत हे त्यांच्या कानावर जरा जास्त वेळा आलेलं होतं. “चल रे, पहिला बाक. तू तरी शूर आहेस ना?”

पहिल्या बाकावरचा मुलगा न्हाव्याचा. त्याने बोट पुढे केलं, डोळे मिटले, टुचकन सुई लागली. काचपट्टीवर थेंब पडला. सरांनी सुई बोळ्यातून एकदा ओढली. शेजारच्या मुलीने आपलं बोट आधीच टेबलावर ठेवलं होतं आणि दुसऱ्या हाताने मैत्रिणीचा दंड घट्ट आवळला होता.

खरं तर इथे नळीकाका सुटले होते. त्यांचं बोट वाचलं होतं, गुपितही वाचलं होतं. थोडी चेष्टा झाली होती, पण चेष्टेने कुणाच्या अंगाला भोक पडत नाही. मोरीकडे वळून नळ्या धुवायला लागले असते, तर तीन वर्षांनी शाल-नारळ, टाळ्या आणि निरोपाचं भाषण घेऊन ते सुखाने घरी गेले असते.

पण त्यांच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालू होता. सेहेचाळीस पोरं. यातलं एखादं माझ्यासारखं असलं तर? आणि त्याला ते माहीत नसलं तर? मला तरी कुठे माहीत होतं!

विशीत असताना त्यांना ताप यायचा. गल्लीच्या तोंडाशी एक इंजेक्शनवाला डॉक्टर होता. फार गुणी माणूस. त्याची एकच सुई, आणि तीत अख्खी गल्ली बरी व्हायची. एकाची काढली, गरम पाण्यात बुचकळली, दुसऱ्याला दिली. नळीकाकांचा तापही उतरला. पुढे अकरा वर्षांनी बहिणीच्या ऑपरेशनला रक्त द्यायला गेले, तेव्हा तिथल्या माणसाने त्यांना बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, की तुमचं रक्त घेता येणार नाही. काविळीचा विषाणू आहे, यकृतात मुक्काम ठोकून बसलाय. अकरा वर्षं तो माणसात होता आणि माणसाला पत्ता नव्हता. त्या दिवसापासून दाढीचं सामान वेगळं, नखं काढायची कात्री वेगळी, बायकोला लस, दर सहा महिन्यांनी तपासणी. आणि दोघांच्या तोंडाला कुलूप.

सुई मुलीच्या बोटापासून वीतभर अंतरावर असताना एक ओला हात मधे आला आणि त्याने सरांचं मनगट धरलं.

“थांबा.”

“काका! हात सोडा. लागेल कुणाला.”

“लागू नये म्हणूनच धरलाय. ही सुई आता संपली, सर. दुसरी घ्या.”

“अहो, स्पिरिटने पुसलीय. तुम्हीच म्हणता ना, धुतलं की झालं?”

वर्ग पुन्हा हसला. या वेळी नळीकाका हसले नाहीत.

“काच धुऊन निघते. माझा जन्म गेलाय त्यात. सुईचं टोक नाही निघत. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्त पुरतं रोगाला. सुकलं तरी तो आठवडाभर जगतो. बोळा फिरवून मरायला तो काय ढेकूण आहे?”

सरांचा चेहरा तांबडा झाला. मुलांसमोर मोरीवरच्या माणसाने विज्ञान शिकवावं हे त्यांना झेपेना. “हे तुम्ही कुठल्या पुस्तकात वाचलं, काका? विज्ञान मला कळतं की तुम्हाला?”

“मला नाही कळत. माझ्या रक्ताला कळतं.” त्यांनी वर्गाकडे तोंड केलं. आवाज खाली आणला नाही. “मला कावीळ आहे, पोरांनो. रक्तातली. अशाच एका सुईने दिली. आत्ता सरांनी बोट मागितलं, ते मी दिलं असतं, तर माझ्यानंतर ही सुई तुमच्या बोटात आली असती. मी नाही म्हटलं, कारण मला माहीत आहे. ज्याला माहीत नाही, तो कसा नाही म्हणेल?”

कुणी हसलं नाही. त्या मुलीने बोट हळूच मुठीत घेतलं.

नळीकाकांनी सरांच्या हातातून सुई काढून घेतली, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. मग मोरीवर जाऊन उरलेल्या नळ्या धुतल्या. नऊ राहिल्या होत्या.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. शाळेतली गोष्ट फाटकाबाहेर गेलेली त्यांना खपत नसे, इतकंच. त्यांनी दार लावून घेतलं.

“काका, सुईचं तुमचं बरोबर आहे. मी जास्तीच्या मागवते. पण ते दुसरं काय बोलून बसलात?”

“खरं ते.”

“खरं सगळंच मुलांसमोर बोलतो का आपण? उद्या पालक दारात येतील. म्हणतील, हा माणूस मुलांत नको. तुम्ही असं करा, उद्या प्रार्थनेनंतर सांगा, की मुलांना समजावं म्हणून मी उदाहरण दिलं. आजार मला नाही, ओळखीच्या एकाला आहे. विषय मिटला.”

“मग ती पोरं म्हणतील, काका खोटं बोलले. सुईचंही खोटंच असेल.”

“तुमच्या भल्याचं सांगतेय. तीन वर्षं राहिलीत तुमची.”

“वीस गेलीच ना तोंड मिटून, बाई.” चोवीस म्हणायला हवं होतं, पण रागात माणूस आकड्याला धरून बसत नाही. “आणि पालकांना सांगा, नळ्या धुवायला हात लागतात. रक्त लागत नाही.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. एवढा स्वच्छ चष्मा त्यांनी इतका वेळ कधी पुसला नव्हता.

घरी बातमी त्यांच्याआधी पोचली होती. बायको ओट्यापाशी पाठ करून उभी.

“शेजारच्या वहिनी येऊन गेल्या,” ती म्हणाली. “माझी चाळणी नेली होती ना त्यांनी? चार महिने मागत होते, सापडत नव्हती. आज सापडली. आणून दिली. धुऊन.”

“बरं झालं. चाळणी तर आली.”

“थट्टा सुचतेय तुम्हाला! इतकी वर्षं मी सख्ख्या बहिणीला कळू दिलं नाही. जावांच्यात बसताना जीभ दातांखाली धरून बसले. आणि तुम्ही सेहेचाळीस पोरांसमोर पाटी लावलीत कपाळाला? नुसतं ‘सुई बदला’ म्हणता आलं नसतं?”

“म्हटलं की. हसले.”

तिने ताट वाढलं, आदळून वाढलं, पण वाढलं. जेवताना तिने विचारलं, “ती पोरगी केवढी होती? जिचं बोट राहिलं?”

“नववीतली. दोन वेण्यांची.”

“हं,” ती म्हणाली, आणि न विचारता आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवसापासून जे बदललं, त्याला कुठला कागद नव्हता. चहाचं काम एका नव्या मदतनीस बाईकडे गेलं. “काकांना आता वयामुळे दगदग नको,” असं गणिताच्या मॅडम म्हणाल्या, आणि त्यांना कुणी वय विचारलं नाही. नव्या बाईंचा चहा म्हणजे गरम पाण्याला दिलेली चहाची धमकी, पण सगळे तो वाखाणून प्यायले. नळीकाकांच्या वाट्याला तो कागदी पेल्यात आला. बाकीचे कप चिनीमातीचे होते. पहिल्या दिवशी त्यांनी पेला रिकामा केला आणि म्हणाले, “चहाने होत नाही हा आजार. साखर कमी असल्याने मात्र होईल काहीतरी.” दोघं हसले. तिसऱ्याने खिडकीबाहेर पाहिलं.

चौथ्या दिवशी न्हावी आला, पहिल्या बाकावरच्या मुलाचा बाप. फाटकातूनच ओरडत आला. “कोण तो? माझ्या पोराला टोचलेल्या सुईला हात लावणारा कोण?”

“मी,” नळीकाका बाहेर येऊन म्हणाले. “तुमच्या मुलाला टोचली तेव्हा सुई कोरी होती. त्याला काही झालेलं नाही. त्याच्यानंतरच्या पंचेचाळीस जणांचं म्हणत होतो मी.”

न्हाव्याचा आवाज जिन्यावरून घसरल्यासारखा एकदम खाली आला. तो दोन पावलं जवळ सरकला.

“पोरगा सांगत होता... सुकलेल्या रक्तातही राहतं म्हणे?”

“राहतं.”

“दाढी करताना कधी कधी लागतं हो गिऱ्हाइकाला. पातं मी बदलतो. म्हणजे...” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “गर्दी असली की राहून जातं.”

“राहू देऊ नका.”

“आणि ती लस, मोठ्या माणसाला देतात का?”

नळीकाकांनी दवाखान्याचा रस्ता सांगितला. न्हावी गेला. ओरडत आलेला माणूस जाताना नमस्कार करून गेला, हे शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून सगळ्यांनी पाहिलं आणि त्याचा विषय कुणीच काढला नाही.

न्हाव्याच्या दुकानात बसलेल्या माणसाला बोलण्यावाचून दुसरं काम नसतं. दोन आठवड्यांत गावातल्या निम्म्या पालकांनी कान टवकारले होते. ते शाळेत आले, पण नळीकाकांना काढा म्हणायला आले त्याहून जास्त, सुया किती आल्या ते विचारायला आले. मोठ्या बाईंना दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. पहिल्याचं त्यांनी असं दिलं, की रक्तगट तपासणीच्या दिवशी नळीकाका रजेवर असतील. दुसऱ्याचं, की दर मुलाला एक सुई, पाकीट त्याच्यासमोर फोडलं जाईल.

तपासणीच्या सकाळी शाळेत टेबलं मांडली गेली. सुयांचे खोके आले. सर हातमोजे घालून तयार होते. दर मुलामागे मोजे बदलायचे, हे आता ते स्वतःच सगळ्यांना बजावत होते, जरा मोठ्यानेच. नववीची रांग लागली, आणि तिच्या टोकाला, प्रयोगशाळेच्या दारात, लाकडी स्टुलावर नळीकाका बसलेले होते. इस्त्रीचा सदरा. मांडीवर पत्र्याचा नवा डबा, त्याच्या झाकणाला सुई जाईल एवढंच भोक. आत सुई गेली की हाताने परत काढता येणार नाही, असं ते त्यांनी घरी बसून पाडलं होतं.

मोठ्या बाई लगबगीने आल्या. “काका, तुम्हाला आज सुट्टी दिली होती ना?”

“दिली होती. घेतली नाही.”

“पालक आलेत. बघताहेत.”

“बघू देत. डब्यात एक सुई कमी पडली, तर दारातून कुणाला सोडणार नाही मी. आधी सुई, मग बाहेर.”

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी मान खाली घातली आणि पहिलं पाकीट फोडलं. टर्रकन आवाज झाला. मुलं एकामागून एक बोट दाबत बाहेर येऊ लागली. काही डब्यात सुई टाकताना हात लांब ठेवून, अंग चोरून टाकत, जणू डबा नव्हे, नळीकाकाच चावतील. एका मुलाच्या आईने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. नव्या मदतनीस बाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, दारात जराशा घुटमळल्या, आणि त्यांना वळसा घालून आत गेल्या. नळीकाकांची नजर ट्रेमागोमाग दोन पावलं गेली आणि परत आली.

दोन वेण्यांची मुलगी समोर उभी होती. सुई चिमटीत होती, डोळे मात्र त्यांच्या चेहऱ्यावर खिळलेले.

“माझ्याकडे काय बघतेस?” ते म्हणाले. “भोकाकडे बघ. सरळ टाक.”

तिने टाकली.

“पुढचा!”