एमेट वार्गोचा विसावा सामना

टोलेडोच्या आमच्या फुटबॉल क्लबात खेळाडूंचे शर्ट अन् बूट मांडायचं काम मी एकतीस वर्षं केलं. तेव्हा एमेट वार्गोबद्दल मी सांगतो ते खरं धरायला हरकत नाही.

वार्गो मिडफिल्डर. सोळा वर्षांत सात क्लब. आमच्याकडे क्लब आपसांत खेळाडूंची अदलाबदल करतात, खेळाडूला कुणी विचारत नाही. आम्ही त्याला घेतला तो गवत कापायचं यंत्र देऊन. "यंत्र अजून चालतंय," असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा.

छत्तिसाव्या वर्षी त्याच्या करारात एक कलम होतं. मोसमात वीस सामन्यांत पहिल्या अकरांत उतरला, तर करार आपोआप वर्षभर वाढणार. एकोणीस झाले होते. उरला होता एकच सामना, आणि नव्या कोचनी, लिंडक्विस्ट यांनी, त्याच्या जागी मायका रँडलचं नाव लिहिलं होतं. वार्गोला अजून एक वर्ष खेळायचं होतं. का, ते विचारू नका. भूक का लागते असं कुणी विचारतं का?

आमचं मैदान मुळात बेसबॉलवाल्यांचं. त्यांचा चेंडू टाकणारा ज्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहतो, तो आमच्या प्रत्येक सामन्याआधी उकरून काढायचा आणि वर गवताचे पट्टे अंथरायचे. त्या शनिवारी बेसबॉलचा सामना दुपारपर्यंत लांबला. मैदान सांभाळणाऱ्या हॉलिसला वेळ उरला नाही. त्यानं उंचवटा तसाच ठेवला आणि वर गवत पसरलं. तो म्हणतो दहा इंच. मला विचाराल तर आमच्या गोलकीपरला पलीकडचा गोलकीपर नाकापासून वरच दिसत होता, आणि सरावाच्या वेळात एक ससा तिथं बीळ करून राहायलाही आला.

सरावात रँडलनं पास दिला. चेंडू उंचवट्याला लागून उडाला तो थेट लिंडक्विस्टांच्या कॉफीत.

शर्ट पुसत ते म्हणाले, "वार्गो, तुला ह्या टेकडीवर खेळता येतं?"

"कोच, हॉलिसला वेळ पुरला नाही असं सहा वर्षांत कितीदा झालंय. मी तिला पास देत आलोय. संघातल्या काहींपेक्षा बरी आहे. परत तरी देते."

कागदावरचं नाव बदललं. विसावा सामना सुरू झाला.

वार्गो चेंडू उंचवट्याच्या डाव्या उतारावर मारायचा आणि तो तिथून वळून आमच्या माणसाच्या पायात जाऊन पडायचा. मध्यंतराला आम्ही दोन-शून्यनं पुढे.

आता लीगचा नियम असा, की मैदानाबद्दल तक्रार मध्यंतरातच करायची, कप्तानाच्या सहीनं. सही झाली की सामना रद्द, बुधवारी पहिल्यापासून. समोरचा कप्तान कॅल ट्रुइट, वार्गोचा जुना सोबती. तो कागद घेऊन आमच्या दाराशी आला. मी टॉवेलांच्या गाडीमागे होतो.

"तुझे वीस झाले ना रे आज?"

"तू सही केलीस तर नाही होणार."

"बुधवारी मैदान सपाट. मग तुझा कोच तुला कशाला घेतोय?"

"बोल लेका, काय पाहिजे?"

"दुसऱ्या अर्ध्यात बाहेर बस. मी कागद खिशात ठेवतो. तुझे वीस पक्के."

वार्गो म्हणाला, "गुडघा तसाही दुखतोच आहे."

"कुठला?"

"कोच विचारतील तो."

बाकावर मी त्याच्या डाव्या गुडघ्याला बर्फ बांधला. लिंडक्विस्ट जवळ येऊन म्हणाले, "उजवा म्हणालास ना?" मी बर्फ सोडून उजव्याला बांधला आणि माझ्या म्हातारपणाला दोष दिला.

त्याच्या जागी रँडल उतरला. ट्रुइटच्या संघानं दोन गोल फेडले. शेवटच्या मिनिटाला रँडलचा पाय घसरला, चेंडू भलत्याच ठिकाणी, उंचवट्याच्या डाव्या उतारावर गेला आणि तिथून वळून सरळ जाळ्यात. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. वार्गोही टाळ्या वाजवत होता, बर्फासकट उभा राहून.

करार वाढला. पुढचा मोसम वार्गो अख्खा माझ्या शेजारी बाकावर बसला. मिडफिल्डमध्ये रँडल खेळला, चौतीसच्या चौतीस सामने. मार्चमध्ये मी विचारलं, "ट्रुइटला शिव्या घालतोस का रे?"

"त्याला कशाला?" वार्गो म्हणाला. "म्हाताऱ्या, जरा सरक. इथून मैदान दिसत नाही."