भट्टीवाल्याचं मडकं

हमामात अंग शेकून निघणाऱ्याला खाली कोण राबतंय याची कधी फिकीर असते का? मराकेशच्या त्या गल्लीत अल्लाल जन्मभर हमामाच्या पोटात बसून आग घालत आला. वर लोक न्हायचे, गायचे, शेजाऱ्यांच्या चुगल्या करायचे; खाली हा एकटा, काजळीनं माखलेला. सुतारांचा भुसा यायचा, तेलाच्या घाण्यांवरचा ऑलिव्हचा चोथा यायचा, त्यावर पाणी तापायचं आणि उरलेली राख कातडी कमावणारे घेऊन जायचे. गल्लीत टाकाऊ असं काही नव्हतंच. "टाकाऊ फक्त मी," असं अल्लाल थट्टेनं म्हणायचा. बायको गेली आणि ती थट्टा त्याची त्यालाच झोंबायला लागली.

त्याच्याकडे माणसं यायची ती तांजियापायी. तांजिया म्हणजे बाप्यांचा स्वयंपाक. उभट मडक्यात मांस, लसूण, जिरं, केशर, खारवलेलं लिंबू आणि मुरवलेलं तूप घालायचं, तोंडाला कागद बांधायचा आणि मडकं भट्टीच्या गरम राखेत पुरायचं. शुक्रवारी नमाज झाला की ते उचलून बागेत न्यायचं आणि दोस्तमंडळींनी एकाच ताटात हात घालायचा. एकट्यानं तांजिया खाणारा माणूस त्या शहरात अजून जन्मायचा होता. अल्लालनं दुनियेची मडकी शिजवली, स्वतःचं एकदाही ठेवलं नाही. ठेवणार कुणासाठी?

अशात हमामाच्या मालकानं नवी भट्टी घ्यायची ठरवली. ती बसवायला इल्हाम नावाची इंजिनिअर पोरगी आली. बोलायला गोड, आणि कामाला वाघीण.

"बा अल्लाल, आता फक्त ऑलिव्हच्या बिया," ती सांगू लागली. "घाण्यांवरून थेट येतील, आपोआप आत पडतील. धूर नाही, फावडं नाही. मूठभर राख उरेल ती वीटवाले नेतील. एकाचा कचरा तो दुसऱ्याचा माल. सगळ्या धंद्यांची अशी साखळी जुळली ना, की बघाच तुम्ही!"

"आमची काय तुटली होती का गं?"

"तुटली नव्हती हो, गळत होती. निम्मी आग वाया जायची."

"आणि मी?"

"तुमची नोकरी कुठे जातेय! सकाळी कळ दाबायची, संध्याकाळी बंद करायची."

"आणि मडकी?"

पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. "एवढी गरम राख आता उरणारच नाही, बा," ती हळूच म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. खोकून खोकून अल्लालची छाती खिळखिळी झाली होती, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? पण मडकी गेली की माणसंही गेली. "काय अल्लाल, बरा आहेस ना?" एवढं विचारायला तरी यापुढे कोण त्या पायऱ्या उतरणार? बरं, हे रडगाणं गायचं कुणापुढे? नोकरी शाबूत, काम हलकं. लोक म्हणतील, म्हाताऱ्याला सुख टोचतंय.

मग त्यानं मनाशी एक ठरवलं. शेवटच्या राखेत आपलंही मडकं ठेवायचं आणि ते खोगीर शिवणाऱ्या बुजमाच्या टोळीबरोबर खायचं. बुजमा बोलका माणूस, त्याचं मडकं चुकलं असा शुक्रवार नव्हता. "बुजमा, आज माझी तांजिया खायची, मी पण येतो बागेत." एवढंच तर म्हणायचं होतं. अल्लाल भुशाच्या ढिगाला ते वाक्य म्हणून दाखवत होता. एकदा का त्यांच्या ताटात हात पडला, की पुढचे शुक्रवार आपोआप आपले, असा त्याचा हिशेब.

जिलाली खाटकानं मडकं भरता भरता विचारलं, "किती जणांचं?"

"पाच-सहा."

"अरे बापरे! म्हातारपणी लग्न करतोस की काय?"

"तू मांस घाल रे, लिंबू कमी घालू नकोस," अल्लाल लाजून म्हणाला. किती दिवसांनी तो लाजला होता!

गुरुवारी संध्याकाळी आग बंद करायची होती. ही बातमी कशी फुटली कोण जाणे, पण गल्ली लोटली. ज्यांनी वर्षानुवर्षं मडकं ठेवलं नव्हतं तेही घेऊन आले. शेवटचं फावडं कुणी टाकायचं यावरून हमरीतुमरी झाली आणि ते बुजमानं हिसकावून टाकलं. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. फोटोत भट्टी होती, मडकी होती, बुजमा तर होताच. अल्लाल मडक्यांना जागा करत होता. त्या गर्दीत त्याचं वाक्य घशातच राहिलं. उद्या म्हणू, त्यानं स्वतःला समजावलं.

शुक्रवारी भट्टी थंड, राख मात्र पोटात गरम. अल्लाल अंग घासून, धुतलेला पांढरा झब्बा घालून बसला होता. पण बुजमा आलाच नाही, त्यानं जावयाला धाडलं. सगळ्यांना एकदमच घाई. "काका, आमचं कुठलं?" जावयानं विचारलं. "ते कोपऱ्यातलं उचल," अल्लालनं दुसऱ्याचं मडकं उकरता उकरता हात दाखवला. गर्दी ओसरल्यावर एकच मडकं उरलं, आणि त्याच्या मानेला बुजमाची चामड्याची पट्टी बांधलेली होती. प्रत्येकाच्या मडक्याला काहीतरी खूण असायची. अल्लालनं आपल्या मडक्याला खूण केलीच नव्हती. आपलंच तर आहे, त्याला खूण कशाला? जन्मभर दुसऱ्यांची मडकी सांभाळणारा माणूसच असली चूक करणार.

आधी त्यानं कपाळावर हात मारला. मग त्याला हसू आलं. अरे, हे तर झकासच झालं! बोलावणं नको, काही नको. त्यांचं मडकं पोचवायच्या निमित्तानं जाता येईल. फडक्यात मडकं गुंडाळून तो वेशीबाहेरच्या ऑलिव्हच्या बागेकडे भराभर निघाला.

झाडाखाली मंडळी ताट पुसत होती.

"या, या!" बुजमा ओरडला. "जिलालीचा हात आज काय लागलाय म्हणून सांगू!"

"मडकं बदललं," अल्लाल म्हणाला. "तुमचं हे. खाल्लंत ते माझं."

"तुझं?" बुजमानं डोळे मोठे केले. "आणि तुला रे कोण आलंय जेवायला?"

सगळे हसले. त्यात वाकडं काही नव्हतं, बोलायची रीतच ती. अल्लालही हसला.

"जाऊ दे, देवानं दोन दिली. बस, बस!" बुजमानं सरकून चटईवर जागा केली, जावयानं पाव पुढे केला.

हेच हवं होतं ना? अख्खा आठवडा भुशाला सांगितलं ते हेच ना? पण उभा जन्म कुणीही "बस" म्हटलं की अल्लालच्या तोंडून एकच उत्तर निघायचं. सोयऱ्याच्या लग्नात तेच, बायकोच्या मयतीलाही तेच. आत्ताही जीभ त्याला न विचारताच वळली.

"नको, भट्टीवर कुणी नाही. आग एकटी आहे."

"हां, ते खरंच," बुजमा म्हणाला. "आगीपुढे कुणाचं चालतंय!" आणि त्यानं नव्या मडक्याचा कागद फाडला.

अल्लाल चार पावलं गेला आणि जागीच थबकला. बुजमानं त्याच हातानं काल शेवटचं फावडं टाकलं होतं. आता कुणीतरी मागून हाक मारील, "अरे वेड्या, आग तर काल विझली!" तो झब्ब्याला लागलेली राख झटकत राहिला. मागे वाफाळलेलं मांस ताटात पडलं, कुणीतरी बिस्मिल्ला म्हटलं आणि सगळे हात एकदम ताटात गेले. अल्लालनं आणखी थोडी राख झटकली. मग झटकायला काही उरलं नाही, तेव्हा तो हमामाकडे चालू लागला.