हातमोजे घालूनच पाहावे

अगं, तू आधी नुसतं ऐक. आमची ताई, ग्रंथालयात जुन्या हस्तलिखितांची खोली सांभाळते ती, तिनं काकांसमोर पांढरे सुती हातमोजे ठेवले, तर काका म्हणाले, "हे कशाला गं? आत्ताच हात धुऊन आलोय. नीट पुसलेसुद्धा."

काका म्हणजे कोणी नात्यातले नाहीत. त्यांच्या आजोबांनी झाडपाल्यावर एक ग्रंथ हातानं लिहिलेला, आणि त्यातली पानाफुलांची चित्रं काकांच्या आईनं काढलेली. घराला वाळवी लागली तेव्हा यांनी तो ग्रंथालयाला देऊन टाकला, आणि तेव्हापासून आईची आठवण आली की येऊन बसतात. आधीचे गृहस्थ त्यांना तसंच बघू द्यायचे. ताई मात्र नवीन. नवी विटी नवं राज्य, दुसरं काय!

आता खरी गोष्ट पुढे आहे. ताई नुकतीच प्रशिक्षणाला जाऊन आली होती. तिथल्या बाईंनी सगळ्यांना मोजे घालायला लावून जुने कागद उलटायला दिले, आणि दाखवून दिलं की मोज्यात बोटांना कागदाची कड कळत नाही, म्हणून तो फाटतो. स्वच्छ कोरडे हात सगळ्यात बरे. ताईनं मान डोलावली. पण परत आल्यावर मोजे काही सुटले नाहीत तिच्याच्यानं. मोजे दिले की लोक दबकून बोलतात, फोटो काढतात, खोलीला वजन येतं. आणि खोलीला आलं की ताईलाही येतं.

म्हणून ती म्हणाली, "नियम आहे, काका."

काकांनी मोजे चढवले. बोटांपुढे कापडाची टोकं लोंबत होती. थोडी पानं नीट गेली, मग एका पानावर बोट निसटलं, ते पकडायला गेले आणि टर्रकन आवाज झाला. आईनं काढलेलं फूल देठापासून वेगळं.

तेवढ्यात ग्रंथालयाचे साहेब आत आले. काय झालं म्हणून विचारेपर्यंत काका उठून उभे राहिले, मास्तरांनी पकडल्यासारखे. "माझ्या हातून झालं, साहेब. यांनी तर मोजेसुद्धा दिले होते. माझेच हात म्हातारे."

साहेबांनी ताईकडे पाहिलं. त्यांना त्या प्रशिक्षणातलं काही ठाऊक नाही. ताईच्या अगदी ओठांवर आलं होतं गं. आणि ती म्हणाली, "हो सर, मोजे दिले होते."

त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

साहेबांनाही वाईट वाटलं, पण त्या खोलीचा कायदाच तसा: ज्याच्या हातून पान फाटलं त्याला पुन्हा प्रवेश नाही, मग तो घरचा असो की दारचा. काकांनीच उलट साहेबांची समजूत काढली, की असंच हवं, नाहीतर पुढच्यांना काय उरणार. साहेब गेल्यावर त्यांनी मोजे काढले आणि ताईला हळूच विचारलं, शेवटचं एकदा बघू का, हात नाही लावणार.

दोन्ही हात पाठीमागे धरून ते टेबलावर वाकले, आणि ताई त्यांना एकेक पान उलटून दाखवत गेली. उघड्या हातांनी. एक पान कुरकुरलं नाही.

"तुझा हात किती हलका आहे गं," काका म्हणाले.

तेव्हाही ती गप्पच राहिली. तू सांग ना, तू असतीस तर बोलली असतीस?